वंदीनं धरून ठेवलेला आवाज

कोणाले विचारून अपडेट मारलं?

नाई, सांगाच मले. प्रफुल फोन उचलत नाई, मेसेज वाचून गप बसते, म्हणून इथी सगळ्याईसमोर लिहून राह्यली. प्रफुल, तू बी वाचशीन. केंद्राकेंद्रावरचे कॉम्प्युटर पाहाले ऑफिसातून तूच येतो ना?

आज माझी लहान बहीण वंदी जाऊन एक वर्ष झालं. तापानं गेली.

ज्याईले माहीत नाई त्याईच्यासाठी सांगते. धानोऱ्याच्या बाजूले आमचं बायाईचं केंद्र आहे. जंगलातला मोह, हिरडा, बेहडा मोजून घेतो. मी काट्यावर, वंदी कॉम्प्युटरवर.

काटा कॉम्प्युटरले जोडला आहे. वजन झालं का कॉम्प्युटर बोलून सांगते, कारण अर्ध्या बायाईले आकडे वाचता येत नाई. मले तरी कुठी धड येते.

त्या बोलायच्या प्रोग्राममधी पहिले शहरातल्या बाईचा हिंदी आवाज होता. कोणाले काही समजे ना. मंग वंदीनं सगळे आकडे आपल्या आवाजात भरले. एकदा मराठीत, एकदा गोंडीत.

त्या दिवशी तिले सर्दी होती. एकोणीस म्हणता म्हणता खोकली.

"परत म्हण ना वं," मी म्हटलं.

"राहू दे बाई. एकोणीस किलो उचलून पाह्य, तू बी खोकलशीन."

तेव्हाच तिनं सांगतलं होतं, "ह्याच्यात लिनक्स आहे, अपडेट येत राह्यते. येऊ दे. फक्त ह्या बोलायच्या पॅकेजले मी होल्ड लावलं, ते जुनंच राहीन. ह्याचं नवीन व्हर्जन चढलं त माझ्या फायलीवर त्याच्या फायली बसतीन. मी पुसून जाईन."

हसत म्हणाली होती.

ती गेली, आन् थोड्याच दिवसात मोह सुरू झाला. मी काटा चालू केला. कॉम्प्युटर बोलला, "बारा किलो."

माझ्या हातातलं टोपलं सुटलं.

वंदी गेली हे सगळ्याईले माहीत होतं. तरी रांगेतली सोनीबाई, म्हातारी, तिले कमी दिसते, कॉम्प्युटरकडे तोंड करून म्हणाली, "बरी हायस का पोरी?"

कोणी हसलं नाई.

मी भेली, खोटं काऊन बोलू. मंग हळूहळू त्या आवाजाचीच वाट पाहाले लागली.

दुपारी केंद्रावर कोणी नसलं का मी पोतं काट्यावर ठेवत होती. मुठीमुठीनं मोह टाकत होती, एकोणीस होतपर्यंत.

खोकला ऐकला का पोतं उतरवत होती.

मंग प्रफुल आला. सिक्युरिटीसाठी सगळं नवीन कराचं होतं म्हणे. मी बाहेर हिरडा वाळवून राह्यली होती. आत गेली त हा खूश.

"बाई, एक पॅकेज अडकून होतं. कोणीतरी होल्ड लावलं होतं. मी सोडवलं."

अडकलं नव्हतं रे बाबा. धरून ठेवलं होतं तिनं.

मी माझं एकोणीसचं पोतं काट्यावर ठेवलं.

"उन्नीस किलोग्राम." गोड, साफ आवाज.

खोकला नाई.

दुसऱ्या दिवशी सोनीबाई हिरडा घेऊन आली. वजन ऐकलं, थांबली. "वंदी कुठी गेली?"

त्याच म्हातारीले मले तेच मरण दुसऱ्यांदा सांगा लागलं.

जुनं व्हर्जन परत टाकतो म्हणाला प्रफुल. टाकलं बी. पण जुन्यातही तीच शहरातली बाई. वंदी काही प्रोग्रामसंग आली नव्हती ना.

मोबाईलवर तिचे फोटो आहेत, आवाज नाई. रोज घरात बडबड करणाऱ्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवते?

जाता जाता तू बोलला होता प्रफुल, "अपडेटच्या आधी पूर्ण कॉपी घेतली होती बाई. ती डिस्क ऑफिसात असंन. पण ती दुसऱ्या गावाच्या कामाले लागते, तिच्यावर नवीन कॉपी चढते."

चढली का?

एवढंच विचारून राह्यली. चढली असंन त तसं सांग. शिव्या देईन, पण ऐकून घेईन. नसंन चढली त त्या डिस्कले कोणाचा हात लागू देऊ नको.

बुधवारी मोह सुरू होते. सोनीबाई पहिल्या दिवशी येतेच.

वंदी, तुह्या फोटोसमोर आज दिवा लावला. बसली होती बराच वेळ. तू काही बोलली नाई.

प्रफुल, बुधवारी काटा चालू कराच्या आधी मले उत्तर पायजे. आहे का नाई?