‘का’ आणि ‘किंवा’

मी जळगावला ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. हा विषय हौसेने कुणी घेत नाही. दुसरीकडे कुठे जमलं नाही की पोरं माझ्या वर्गात येऊन बसतात. त्यांना मी सुरुवातीलाच ‘किंवा’ शिकवते. ‘तो गवई आहे किंवा शिक्षक आहे’ हे विधान तो दोन्ही असला तरी खरंच ठरतं. सत्यता कोष्टकाची पहिली ओळच ती: सत्य, सत्य. पोरांना हे पचत नाही. आमच्याकडे ‘चहा का दूध’ विचारलं, की दोन्हींतलं एकच मिळणार असतं.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही, ते कधी पटलं नाही. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात त्यांची पिठाची गिरणी होती. सुट्टीत घरी गेले की विचारायचे, “चहा लेशी का दूध?” मी म्हणायची, “हां.” शिकलेलं मिरवायची खोडच होती मला. ते वैतागायचे, हसायचेही. “सरळ सांग ना वं!” मी कॉलेजात होते तेव्हापासून माझे केस पांढरे होईपर्यंत आमचं हे चाललं.

मागच्या हिवाळ्यात नानांचा खोकला थांबेना. पिठाचा खोकला म्हणून आम्ही तो मनावर घेतलाच नव्हता. अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले, तेव्हा मी त्यांना जळगावला आणलं. इथल्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे पाहून टीबी सांगितला. धाकटा भाऊ धुळ्याला असतो. त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने तिकडे नेऊन स्कॅन केला. तिथले डॉक्टर म्हणाले, कॅन्सर वाटतोय, तुकडा काढून तपासू. ते ऐकून आमचे डॉक्टर चिडले. म्हणाले, त्यांना जिकडेतिकडे कॅन्सरच दिसतो, तुम्ही गोळ्या सुरू करा.

भाऊ फोनवर ओरडला, “अक्का, एक डॉक्टर खोटा शे! आते कोनं आयकानं?”

“दोघांचं,” मी म्हणाले. “टीबी आहे म्हणून कॅन्सर नाही, हे तू कुठून काढलंस? दोन्ही असू शकतं.”

“तुनं कॉलेज घरमा नको आनू.” त्याने फोन ठेवला.

मला संताप आला. त्याच्यापेक्षा त्या दोन डॉक्टरांचाच जास्त आला. एवढं शिकून दोघेही ‘चहा का दूध’वरच अडले होते. पण खरं सांगायचं तर मला तरी पहिली ओळ कुठे हवी होती? मला कोष्टकातली शेवटची ओळ हवी होती: असत्य, असत्य. दोघेही चुकलेले निघावेत, खोकला पिठाचाच निघावा. मी एरवी देवाकडे काही मागत नाही. त्या आठवड्यात मुक्ताईनगरला जाऊन ती शेवटची ओळ मागून आले.

धुळ्याला तुकडा तपासला. रिपोर्ट घ्यायला मी आणि भाऊ दोघेही डॉक्टरांच्या खोलीत गेलो. नाना बाहेर बाकावर बसले. दोन्ही निघालं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. कॅन्सरची औषधं दिली तर टीबी उसळेल, आणि टीबी आटोक्यात येईपर्यंत कॅन्सर काही थांबून राहणार नाही. दोन्ही औषधं एकदम सोसण्याइतकी ताकद या शरीरात आता उरलेली नाही. एकच काहीतरी असतं तर लढता आलं असतं, असंही ते म्हणाले.

भाऊ खालमानेने म्हणाला, “तूच खरी निघनी, अक्का.” वाद मी जिंकले होते. असलं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. जन्मभर जे फळ्यावर लिहिलं, ते त्या क्षणी माझ्या बापाच्या छातीतून पुसता आलं असतं तर मी नोकरीसकट सगळं सोडून दिलं असतं.

बाहेर नाना टोपी गुडघ्यावर ठेवून वाट पाहत होते. भाऊ त्यांच्यासमोर थांबलाच नाही, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नानांनी मलाच विचारलं, “काय निघनं? टीबी शे का कॅन्सर?”

काय सांगायचं ते खोलीतून येताना मी जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. तोंडातून एवढंच निघालं, “हां.”

नाना माझ्याकडे बघत राहिले. या वेळी ‘सरळ सांग’ म्हणाले नाहीत.