आबांची पडताळणी

गेल्या महिन्यात आबांना घेऊन जळगावकडच्या पहूरला जाऊन आलो. आबा म्हणजे माझे सासरे. शिंदखेड्याजवळच्या खेड्यात राहतात. वय ऐंशीच्या आसपास... चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश.

तरुणपणी ते फौजेत होते. काही वर्षांनी त्यांना रिझर्व्हमध्ये टाकलं. म्हणजे घरी जा, शेती करा, पण बोलावलं की हजर व्हा. एकाहत्तरला बोलावणं आलं, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवी नवरी शेतावर ठेवून आबा गेले, आणि लढाई संपल्यावर परत आले.

एवढी गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक. पेन्शनसाठी मात्र त्या सेवेची पडताळणी हवी होती. आबांचे स्वतःचे कागद कधीच वाळवीने खाल्लेले. जुन्या पलटणीकडे विचारणा केली, तर उत्तर आलं... बोलावणं पाठवलं होतं, पण हा माणूस इथे हजर झाल्याची नोंद नाही.

म्हणजे सरळ अर्थ असा, की देशाने हाक मारली आणि आबा गेले नाहीत. उत्तर ऐकून ते उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत.

माजी सैनिकांच्या ऑफिसातल्या साहेबांनी समजावलं. परत बोलावलेल्यांना पुष्कळदा दुसऱ्याच पलटणीत पाठवत. ती पलटण कोणती, हे सांगणारा एखादा सोबती मिळाला, तर तिथे शोधता येईल. आबांना तिचा नंबर आठवत नव्हता. जळगावकडचा एक जण बरोबर होता, एवढंच आठवत होतं.

माझ्या नवऱ्याने माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आबांचा फोटो टाकला. बऱ्याच दिवसांनी पहूरहून निरोप आला. तिथले अप्पा म्हणून एक जण त्या वेळी एका पलटणीत होते आणि त्यांच्यात रिझर्व्हवाले आले होते... माणूस समोर आणा, मग बघू.

अप्पांच्या ओसरीवर कापूस छतापर्यंत भरलेला. कडेला दोन खुर्च्या. अप्पांनी चष्मा पुसून आबांकडे बराच वेळ पाहिलं.

"मले याचा चेहरा याद नाही," ते म्हणाले. "आन् खोटी सही मी देत नाही. आधीच सांगतो."

नवरा काही बोलायला गेला, तर अप्पांनी हातानेच त्याला थांबवलं. मग आबांना विचारलं, "तिथी पोचल्यावर पयलं काम काय केलं तुम्ही लोकांनी?"

"चर खंदा."

"कसा?"

आबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आठवत नाही... पण त्यांचे कान लाल झाले होते.

"सरळ खंदा व्हता मी," ते हळूच म्हणाले. "नांगरना तासगत."

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आतून त्यांची सून पाणी घेऊन धावत आली.

"तूच रे तो! लढाईतला चर वाकडातिकडा खणतात, बाई," अप्पा मला सांगू लागले. "एका वळणात गोळा पडला तर दुसऱ्यातली माणसं वाचली पायजेत. आन् हा गडी दोन वर्सं औत हाकून आलेला! असा सरळ चर खणला की या टोकाहून त्या टोकाचा माणूस दिसे. हवालदार बोंबलला, 'यहाँ कपास बोएगा क्या?' बुजवा म्हणे, परत खणा!"

"मायना, आते तरी दबी बोल," हाताने आवाज खाली करायची खूण करत आबा म्हणाले.

"काय म्हणतो हा? तुमची शिंदखेड्याची बोली मले तवाही अर्धीच समजे."

"बठ्ठं समजस तुले. ऐकानं नही रहास फक्त."

दोघेही हसत होते. मग अप्पांचा आवाज उतरला. माझ्या हाताला फोड आले होते, म्हणाले. दुसऱ्यांदा खणताना यानं माझ्या वाट्याचंही खणलं, मला बसवून ठेवलं. नंतर गोळा पडला तो शेजारच्या वळणात... आम्ही दोघं अलीकडे होतो.

इतकी वर्षं आबांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, लढाईत फार काही घडलं नसावं. त्यांच्या मते सांगण्यासारखं एकच घडलं होतं... आपली चूक.

अप्पांनी पलटणीचा नंबर सांगितला, साहेबांसमोर जबाब दिला, सही केली. त्या पलटणीकडे विचारणा गेली. मागच्या आठवड्यात उत्तर आलं... आबा हजर होते. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत.

नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं. आबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग कागद घेऊन ते चुलीपाशी गेले, अक्कांकडे. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. भाकरी थापत होत्या.

"मन्हा मांगे हाई पेन्शन तुले भेटी," आबा म्हणाले.

"माले कसाले? मी का लढाले गयथू?"

"मी तठे व्हतू तवय वावर कोनी सांभाळं?"

अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली.

त्या वर्षी नव्याने सासरी आलेल्या त्या मुलीने एकटीने कापूस वेचला, बैल सांभाळले, नवरा जिवंत आहे की नाही हे माहीत नसताना रब्बीची पेरणी केली. आबांची नोंद सापडली. अक्कांची कुठल्या ऑफिसात शोधायची, मला माहीत नाही... म्हणून ती इथे करते आहे.