न वाजणारं बटण

गेल्या मंगळवारी कल्याणात एका लोहारणीने माझी चांगलीच खरडपट्टी काढली. तीही अकॉर्डियनवरून… आणि बाईंनी ते वाद्य जन्मात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी राहतो ठाण्याच्या गावठाणात आणि नोकरी कल्याणच्या मालगुदामात. आगबोटीवर खलाशी असलेल्या मामाने दीड वर्षापूर्वी ही बटणांची पेटी आणून दिली आणि कशी वाजवायची ते न सांगताच पुन्हा बोटीवर गेला. मग मी आपला कानाने ऐकून, चुकतमाकत शिकलो.

आमच्या ख्रिस्ती लग्नांत आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरा-नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्या वेळची गाणी गेली वीस वर्षं माझी आई सांगते आणि बाकीच्या तिच्या मागून म्हणतात. हल्ली साथीला माझी पेटीही असते. दागिन्यांची तिला हौस नाही, पण हा मान तिने जिवापाड जपलाय.

वर्षभरापासून मात्र तिचा दम तुटायला लागला. ओळ अर्ध्यावर आली की थांबायची, मग पुढचं म्हणायची. बायकांत कुजबुज सुरू झाली, की हिचं आता वय झालं…

शेवटी मावशीनेच, म्हणजे आईच्या सख्ख्या बहिणीने, येऊन हळूच विषय काढला. मावशीच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. आई शांतपणे म्हणाली, एवढ्या लग्नात सांगते, पुढच्यापासून दुसरी कुणी बघा.

मला फार वाईट वाटलं. निदान या शेवटच्या वेळी तरी तिला नीट साथ द्यावी म्हणून रोज सरावाला बसलो. त्या नादात पेटीच्या पट्ट्याची कडी तुटली, म्हणून मंगळवारी काम सुटल्यावर लोहाराकडे गेलेलो.

लोहार कडी ठोकत होता आणि त्याची बायको, सखूबाई, भाता ओढत बसली होती. कडी बसल्यावर मी ऐटीत एक चाल वाजवून दाखवली. वाटलं, दोघं खूश होतील. पण सखूबाई माझ्या पेटीच्या भात्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा काही बरा नव्हता.

त्याचं असं आहे… या पेटीत एकाच बटणातून भाता उघडताना एक सूर निघतो, मिटताना दुसरा. चालीत एकाच बाजूचे सूर ओळीने आले की भाता पुरता उघडतो आणि पुढे ओढायला जागाच उरत नाही. मग मी थांबायचो, घाईने भाता मिटवायचो, त्यात एखादा नको तो सूर भोंगळपणे बाहेर पडायचा, आणि पुन्हा सुरू करायचो. मला वाटायचं, वाद्यच तसं आहे.

सखूबाईंनी विचारलं, हिला नुसती हवा जायला-यायला वाट कुठाय? मी म्हटलं, तशी काही वाट नसते. त्यांनी पेटी मांडीवर घेतली, चारी बाजूंनी चाचपली आणि डाव्या अंगठ्यापाशी असलेल्या एका बटणावर बोट ठेवलं.

ते बटण वाजत नाही, नुसतं फुसफुसतं. बिघडलंय असं समजून मी ते वर्षापूर्वीच मालगुदामातली लाख वितळवून बंद करून टाकलं होतं. दिवसभर पार्सलांना लाख लावायची सवय, दुसरं काय!

"दादा, तुमी हिचं नाक बुजवलंय," सखूबाई म्हणाल्या.

लोहाराने हसू दाबत टोच्याने लाख खरवडून काढली. मग सखूबाईंनी मला शिकवलं. सूर चालू असतानाच अंगठ्याने ते बटण जरासं दाबायचं, म्हणजे भाता गुपचूप जागेवर येतो. भाता कधी शेवटपर्यंत ओढायचा नाही, थोडी जागा राखून ठेवायची… आणि ओढायचं ते मनगटाने हिसके देत नाही, कोपरापासून, सावकाश.

त्यांना सारेगम ठाऊक नव्हतं. पण हवा मध्येच तुटली की लोखंड थंड पडतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. चार दिवस मी तेवढंच घोटलं.

रविवारी संध्याकाळी सगळे विहिरीकडे निघालो. पुढे घुमट हे मातीचं वाद्य वाजवणारे, मागे बायका, मध्ये मी आणि आई. तिने पहिलं गाणं धरलं आणि ओळीच्या मध्यावर नेहमीसारखी थांबली… पण पेटी थांबली नाही. सूर तसाच पुढे गेला.

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. पुढची ओळ तिने एका दमात शेवटपर्यंत म्हटली. तिच्या पुढचीही. विहीर येईपर्यंत ती कुठेच अडली नाही, उलट मागच्या बायकांनाच धाप लागली.

घरी आल्यावर मावशीने तिचा हात धरला आणि पुढच्या लग्नातही तूच सांगायचं म्हणाली. मी आईला बाजूला घेऊन विचारलं, की आज एवढा दम आला कुठून.

"माझा दम गेलेला कधी?" ती म्हणाली. "तुझी पेटी मधेच थांबायची रे. मी पुढं गेले असते तर एवढ्या लोकांत तुझं हसं झालं असतं."

वर्षभर बायका तिचं वय काढत होत्या आणि ती मुकाट्याने ऐकून घेत होती. वीस वर्षांचा मान सोडायला निघाली, पण माझ्या पेटीबद्दल एक शब्द बोलली नाही. आणि मी इकडे तिची कीव करत बसलो होतो…

काल तिला बजावून सांगितलं, यापुढे माझं चुकलं तर तिथल्या तिथे सांगायचं. ती हो म्हणाली. पण ती सांगणार नाही, हे आता मला माहीत आहे… म्हणून मलाच नीट वाजवायला हवं.