सकाळी आठचा फोन

भिकन गांगुर्डे यांनी प्रेसमध्ये छत्तीस वर्षं नोकरी केली आणि उपनगर भागात छोटंसं घर बांधलं. माणूस अबोल. मुलाशी, संघर्षशी, त्यांचं बोलणं बायकोमार्फतच चाले. "आप्पांना विचार ना," असं तो आईला म्हणे, मग लताबाई विचारत आणि उत्तरही त्याच नेऊन देत. तो हैदराबादला नोकरीला गेला, तरी फोन आईलाच येई. दीड वर्षापूर्वी लताबाई गेल्या. सुरुवातीला संघर्षने वडिलांना फोन केले. "जेवलात का?" "जेवलो." पुढे दोघांनाही काही सुचत नसे. हळूहळू फोन थांबले.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाच्या विधीला आला, तेव्हा संघर्षने गच्चीवर सोलर बसवून घेतलं. इन्व्हर्टर जिन्याच्या माथ्यावर, राउटर खाली पुढच्या खोलीत. इन्व्हर्टरला अंगठ्याएवढी एक वायफायची कांडी होती. ती खालच्या राउटरला जोडलेली असली, की किती वीज तयार झाली ते संघर्षला हैदराबादेत मोबाइलवर दिसे.

निजण्यापूर्वी घरातलं एकूण एक बटण बंद करायची लताबाईंची सवय होती. त्या गेल्यावर भिकनरावांनी ती न चुकता चालवली. त्यात राउटरचं बटणही आलं. सकाळी ते पुन्हा चालू करत, पण तेवढ्यानं कांडीला राउटर सापडेलच असं नसे.

संघर्ष परत गेल्यावर तिसऱ्याच दिवशी सकाळी आठला फोन वाजला.

"आप्पा, इन्व्हर्टर ऑफलाइन दाखवतोय. कांडीवरचा दिवा बघता का जरा?"

भिकनराव गुडघे धरत वर गेले. "लाल आहे. लुकलुकतोय."

"त्याच्या बाजूचं बटण पाच सेकंद दाबून धरा. आणि सावकाश हं, पडाल. रात्री राउटर बंद करता का तुम्ही?"

"छे, मी कशाला करू?"

खोटं इतक्या सहज निघून गेलं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग दर दोन-तीन दिवसांनी फोन येऊ लागला. कांडी पुन्हा जोडली जाईपर्यंत दोघांनाही थांबावं लागे. अशाच एका सकाळी संघर्षने मध्येच विचारलं, "आई वांग्याच्या भाजीत काय घालायची हो?" "कारळं," भिकनराव म्हणाले, "भाजून, कुटून." त्या दिवशी अकरा मिनिटं बोलणं झालं. राउटरचं बटण रात्री बंद होतच राहिलं, पण आता ते सवयीनं नव्हे.

एक दिवस रवी नावाचा वायरमन केबलचं भेंडोळं खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला.

"काका, तुमच्या पोरानं पाठवलंय. म्हणतो, सत्तरीतल्या बापाला रोज जिना चढायला लावतोय, मलाच लाज वाटते."

"राहू दे की. व्यायाम होतो मला."

"व्यायामाला बागेत जा, काका. त्या गुडघ्यांनी तुमचं काय बिघडवलंय?"

रवीने नेटची तार जिन्यापर्यंत ओढली, राउटर इन्व्हर्टरशेजारी एका पेटीत उंचावर बसवला आणि कांडी काढून तारेनंच जोडणी केली. पेटी स्क्रूने बंद केली.

"याला बटणच ठेवलं नाही बघा. लाइट गेली तरी बॅटरीवर चालणार. आता हे कुणाच्या बापाला बंद करता यायचं नाही."

भिकनरावांनी पेटीकडे पाहिलं. "चहा घेशील?" एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आठला ते मोबाइल मांडीवर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. तीन आठवडे गेले. मग त्यांना ताप भरला. दोन दिवस चहा-बिस्किटांवर काढले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन लावला. संघर्षला त्यांनी आपणहून केलेला हा पहिलाच फोन.

"आप्पा? काय झालं? सोलर बंद पडलं का?"

"नाही, नाही."

"हो, मला दिसतंय इथं. काल बारा युनिटं झाली, मस्त. मग?"

ताप आला आहे, एवढं सांगायचं होतं. पण घरातलं असलं काही मुलाला सांगायचं काम कधी त्यांच्याकडे नव्हतंच. कुठून सुरुवात करतात, ते त्यांना कळेना.

"काही नाही. चाललंय ना नीट, तेच विचारायला."

"एकदम व्यवस्थित. माझ्या डोक्याची कटकट गेली बघा. मीटिंग आहे आप्पा, ठेवू?"

"ठेव."

तापानं घसा कोरडा पडला होता. पाण्याचा माठ स्वयंपाकघरात होता, चार पावलांवर. भिकनराव उठले नाहीत.