सुरूच्या झाडाला पोळ्याचे गोंडे

सुनेनं विचारलं तेव्हा मी कणीक मळत होते. "आई, या वर्षी आपल्याकडे नाताळची सजावट केली तर चालेल का? घरातल्या घरात. छोटीशीच."

मी म्हटलं, "छोटीशी कशाला? आपल्या घरी छोटं काही होतं का?"

ही फुशारकी नाही. बजाजनगरातल्या आमच्या गल्लीत महालक्ष्म्यांची आरास बघायला बायका आधी माझ्याकडे येतात आणि मग आपापल्या नणंदा-जावांकडे जातात. नाताळ कसा करतात हे मला ठाऊक नव्हतं. पण आरास कशी करतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

लग्न होऊन वर्ष होत आलं होतं आणि तिचा आमच्याकडचा हा पहिलाच नाताळ. मुलगा आणि ती वाळूजच्या एकाच कंपनीत कामाला, तिथंच जमलं. लग्न रजिस्टर झालं. तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली. वडिलांनी एकट्यानं तिला वाढवलं. जालन्याच्या पुढं एका गावात ते मास्तर होते, आता निवृत्त आहेत. लग्नाच्या दिवशी ते आले, सही केली, माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी चहालाही न येता एस.टी. गाठली. नाराज होते असं म्हणवत नाही, पण खुशीतही नव्हते. त्यानंतर त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं.

या नाताळाला या म्हणून सुनेनं त्यांना फोनवर सांगितलं होतं. ते "बघू" म्हणाले होते. त्या "बघू"मध्ये पोरीचा जीव अडकला होता. भाजी चिरता चिरता मध्येच थांबायची आणि मला विचारायची, "येतील ना हो?" मी म्हणायचे, येतील. मला काय माहीत होतं?

सजावटीचं तिचं सगळं ठरलेलं होतं. मोबाइलवर चित्रं दाखवली. पांढरे गोळे, पांढरी फुलं, सोनेरी रिबीन. बस्स. "साधं आणि शांत वाटलं पाहिजे, आई. पप्पांना भपका आवडत नाही." मी मान डोलावली. सणासुदीला घरात पांढरं? पण मी तोंडाला कुलूप लावलं, आणि ते मला फार जड जातं हे घरातले सगळे सांगतील.

झाडाची जबाबदारी आमच्या ह्यांनी घेतली. दौलताबाद रस्त्यावरच्या एका नर्सरीतून सुरूचं झाड कुंडीसकट आणलं, तेही स्कूटरवर, पायांच्या मध्ये धरून. झाड ह्यांच्यापेक्षा उंच. रस्त्यानं लोकांना नुसतं झाडच स्कूटर चालवताना दिसलं असणार. "प्लास्टिकचं कशाला?" म्हणाले, "हे नंतर गावी पिशोरला शेताच्या बांधावर लावता येतं." शेतकऱ्याचं डोकं. कंपनीत जन्म गेला तरी ते बांधावरच असतं.

मला सुनेनं एकच काम दिलं होतं, गुलमंडीहून सोनेरी रिबीन आणायची. गुलमंडीत जाऊन एकच वस्तू घेऊन परत आलेली बाई मी तरी पाहिलेली नाही. दुकानदार म्हणाला, "क्या होना आंटी? शादी है क्या?" मी म्हटलं, तसंच समज. राणी कलरचे कागद, पोपटी झिरमिळ्या, काचेच्या टिकल्या, चमकीचे मोर, असं पिशवीभर घेऊन आले आणि पिशवी कपाटात साड्यांच्या मागं ठेवली. रिबीन तेवढी सुनेच्या हातात दिली.

रविवारी तिनं झाड सजवलं. नीटनेटकं, एकेका गोळ्याचं अंतर बघून. सुंदर होतं, नाही असं नाही. पण मला ते दवाखान्यातल्या पडद्यासारखं वाटत राहिलं. येता-जाता मी त्याच्याकडे बघायचे आणि हात शिवशिवायचे.

चोवीस तारखेला ती दोघं कामावर गेली. मी केर काढला, फरशी पुसली आणि म्हटलं, एखादा चमकीचा मोर लावू. एकच. खाली, मागच्या बाजूला. तो लावला तर तो एकटा पडला. म्हणून त्याला जोडी दिली. मग उरलेलं झाड फिकं दिसायला लागलं, हा काही माझा दोष नव्हता.

हे चष्म्यातून बघत होते. मला वाटलं, आता रागावणार. तर म्हणाले, "गोंडे काढू का?"

पिशोरची बैलजोडी विकून काही वर्षं झाली. ह्यांचा भाऊ ट्रॅक्टरनं शेती करतो. पण पोळ्याचा साज ह्यांनी विकू दिला नाही. तो आमच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असतो आणि दर पोळ्याला हे पेटी उघडतात, बघतात आणि बंद करतात. ती पेटी खाली आली. लाल, पिवळे, हिरवे गोंडे फांद्याफांद्यांना लागले. घुंगरमाळ बुंध्यापासून गोल गोल वर गेली. कुंडीवर आरशांची झूल आली. शेंड्याला काय लावावं याचा हे खूप वेळ विचार करत होते. शेवटी बैलाच्या शिंगाला बसवतात ती पितळेची शेंबी घासूनपुसून शेंड्यावर बसवली. मागं सरकून बघितलं आणि म्हणाले, "लई भारी. नुसतं हांबरायचं बाकी हाय."

मीही मागं कशाला राहते? महालक्ष्म्यांच्या डोक्यावर आम्ही तळणाचा फुलोरा टांगतो. झाडाला नको का? करंज्या, साटोऱ्या, वेणी-फणी असं सगळं तळलं आणि दोऱ्यानं टांगलं. उरलेल्या झिरमिळ्या खिडकीला, पंख्याला आणि टीव्हीला गेल्या. पांढरे गोळे मी काढले नव्हते. ते होते तिथंच कुठंतरी.

संध्याकाळी सून आली, चप्पल काढली आणि दारातच थांबली. घुंगरमाळ वाऱ्यानं जरा वाजली. ती तशीच आत निघून गेली. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, काय करून ठेवलंस हे?"

मी आत गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती. रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. "आई, तुम्ही हौसेनं केलंय, मला कळतं. पण पप्पांना वाटलं की त्यांच्या सणाची थट्टा केली, तर? ते आधीच इतक्या मुश्किलीनं हो म्हणालेत."

मला एकदम वाईट वाटलं. एवढ्या रंगात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, "उतरवा सगळं." करंज्या पटापट निघाल्या, पण गोंडे काही सुटेनात. आमच्या ह्यांना गाठ मारायची म्हणजे बैल उधळला तरी सुटू नये अशीच मारता येते. हे नखानं उकरताहेत, मी दातानं ओढतेय, मुलगा बॅटरी धरून उभा. शेवटी मी कात्री आणली. ह्यांनी गोंडा हातात धरला आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात सून बाहेर आली. "राहू द्या, बाबा. कापू नका." तिनं कात्री माझ्या हातातून घेतली आणि खाली उतरवलेल्या करंज्या परत टांगायला लागली. तिला नको असताना टांगत होती, ते मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा-सून दोघं छावणीतल्या चर्चमध्ये जाऊन आली. तिचे वडील गावातली उपासना उरकून निघणार होते. मुलगा स्टँडवर घ्यायला येतो म्हणाला, तर ते म्हणाले, नको, पत्ता आहे, मी येतो विचारत. दुपारी जेवणं खोळंबली. सून आत-बाहेर करत होती. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले.

कोट घातलेला एक म्हातारा माणूस हातात कापडी पिशवी घेऊन आमच्या घरासमोरून गेला. घराकडे बघितलं, पुढं गेला. थोड्या वेळानं तोच परत आला, आमच्याकडे बघितलं आणि हमरस्त्याच्या दिशेनं चालायला लागला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मी ह्यांना हाक मारली, "अहो, व्याही चाललेत." हे तसेच अनवाणी पळाले आणि त्यांना हाताला धरून घेऊन आले.

आत आल्यावर त्यांची नजर झाडावर गेली. सुनेनं श्वास रोखला. मीही. ते जवळ गेले, एक गोंडा हातात घेतला, शेंडा बघितला आणि ह्यांच्याकडे वळले. "पोळ्याचा साज ना हा? बैल कुठले होते?"

"पिशोरचे. खिल्लारी."

"आमच्या वडिलांकडे देवणी होती," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मग दोघांचं शिंगं, खूर, वशिंड असं जे सुरू झालं ते माझ्या हातातला चहा निवला तरी संपेना. सून माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, जिंकलो.

चहा, जेवणं झाल्यावर मी सहज म्हटलं, "घर सापडंना व्हय? दोनदा पुढं गेलात."

ते म्हणाले, "नाही, नंबर वाचला होता. दाराला नाताळची चांदणी दिसली नाही. वाटलं, लेकीच्या घरी आज नाताळ नसावा. मग आत जाऊन तिला अवघड कशाला करायचं?"

त्यांनी लेकीला विचारलं, "का गं नाही लावलीस?"

ती खाली बघत म्हणाली, "बाहेर लावली की गल्लीत दिसते, पप्पा. आई-बाबांना कुणी काही बोलायला नको."

म्हणजे म्हणून घरातल्या घरात. मला राग आला. तिचा नाही. ज्या गल्लीसाठी मी दरवर्षी आरास करत आले त्या गल्लीचा, आणि थोडा माझाही. पंख्यापासून टीव्हीपर्यंत मी सगळं रंगवून काढलं होतं, आणि वर्षभर माझ्या हातचं जेवणाऱ्या पोरीला दारात एक चांदणी लावू का, एवढं मला विचारता आलं नव्हतं.

मी म्हटलं, "कोण काय बोलतंय ते मी बघते ना. मुकी हाय का मी?" ह्यांना म्हटलं, "शिडी काढा."

"पण चांदणी?" सून म्हणाली.

व्याह्यांनी कापडी पिशवी उघडली. बांबूच्या कामट्यांची चांदणी होती, घडी घालून आणलेली. लाल, निळा, पिवळा कागद, राणी कलरच्या शेपट्या. दर वर्षी ते हातानंच करत, आणि ही लेकीसाठी केली होती. फाटकापासून तशीच परत घेऊन चालले होते. मी शेपट्यांकडे बघितलं आणि सुनेकडे बघितलं. "तुझ्या पप्पांना भपका आवडत नाही ना गं?" ती डोळे पुसत हसली.

आकाशकंदिलाचा हूक होता, वायरही दिवाळीपासून तिथंच होती. ह्यांनी चांदणी बांधली, आणि ती गाठही आता कुणाला सुटायची नाही. अंधार पडताच दिवा लावला. समोरच्या घरातली बाई बाहेर आलीच. "काकू, दिवाळी तर कधीच झाली ना?"

"व्हय," मी म्हटलं, "आता आमच्या सुनेचा सण हाय. फराळाला ये."

व्याही तोवर फाटकाबाहेर पडले होते. मला वाटलं, निघाले की काय. ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, तिथं वळले, आणि वर बघत बघत सावकाश परत आले. सून दारात उभी होती. या खेपेला ते आमच्या घरापुढून पुढं गेले नाहीत.