सावडीत अडकलेल्या पाच खेळाडू

जीप जवळा बाजारच्या पुढे कच्च्या रस्त्याला लागली तेव्हा माझ्याकडे सात खेळाडू होत्या. संघ बारा जणींचा. उरलेल्या पाच जणी एकाच गावच्या, आणि सकाळपासून एकीचाही फोन लागत नव्हता. त्यांच्यातच आमची गोलकीपर अश्विनी होती.

मी कॉलेजात क्रीडा संचालक आहे. मुलींच्या फुटबॉलचा तो दुसराच सीझन. पहिल्या वर्षी आम्ही एका सामन्याला पोचलोच नव्हतो. त्याला वॉकओव्हर म्हणतात, न खेळता हार. या वेळी आम्ही सेमीफायनलला आलो होतो, आणि ती त्याच दिवशी हिंगोलीला होती. तरी प्राचार्यांनी बजावलं होतं, "मॅडम, हरलात तर चालेल. परत वॉकओव्हर दिला तर मुलींचा संघ बंद."

शेतात पोचलो तर पाचही जणी मळणीच्या मशीनपाशी. अश्विनीचे वडील दादाराव पुढे आले.

"तकलीफ झाली मॅडम तुमाला. पण मशीनचा नंबर आजच लागला. आज सोडलं तर मशीन दुसऱ्या शिवारात जाती, अन् आभाळ बघा की."

मी म्हटलं, अश्विनीचं समजलं, बाकीच्या चौघी तरी द्या. ते नुसते हसले. मग कमलबाईंनी, म्हणजे आमच्या फॉरवर्ड पल्लवीच्या आईने, समजावून सांगितलं. पाचही घरांची सावड होती. एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायचं, मजुरी घ्यायची नाही. चौघींच्या घरचं सोयाबीन निघालं होतं, अश्विनी तिथे राबली होती. आता तिच्या शेतातून त्या उठून गेल्या असत्या तर त्यांच्या घरांना पुन्हा सावडीत कोणी घेतलं नसतं.

फुटबॉलचा नियम असा की सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होत नाही. मध्येच सहा उरल्या तरी थांबवतात. माझ्याकडे बरोबर सात, त्याही गोलकीपरशिवाय. एकीचा पाय मुरगळला की संघ बंद.

मी जीपमधल्या सगळ्यांना खाली उतरवलं. मशीनच्या तोंडाशी दादारावांनी कोणाला जाऊ दिलं नाही. मुलींनी तोंडाला स्कार्फ बांधले आणि गंजीवरचं सोयाबीन कवळ्याकवळ्याने आणून द्यायला सुरुवात केली. मीही. निघायची वेळ झाली तेव्हा अर्धी गंजी बाकी होती.

निवाडा कमलबाईंनी केला.

"आमच्या चौघी न्हाई निघायच्या. पण दादाराव, अश्वी तुमच्याच घरची हाय. तिच्या जागी सात पोरी राबल्या न्हाई का? सोडा तिला."

दादारावांनी मान हलवली. बाकीच्यांचं काय, मी विचारलं.

"पोती न्यायला टेम्पो येऊन राहिला. गंजी सरली की त्याच्यातच घालून देते."

हिंगोलीच्या ग्राउंडवर मी रेफरीकडे बाराही नावं दिली. नाव आधी दिलेलं असेल तर उशिरा आलेला खेळाडू रेफरीच्या परवानगीने आत जाऊ शकतो. समोरच्या कोचनी विचारलं, बाकीच्या कुठे? मी म्हटलं, सोयाबीन काढताहेत. त्यांना तो विनोद वाटला.

आठ विरुद्ध अकरा. मी सगळ्यांना गोलसमोर उभं केलं. अश्विनीने खूप चेंडू अडवले, तरी हाफटाइमपर्यंत दोन गोल झाले. नंतर एकीच्या पोटरीत गोळा आला, तिला बाहेर काढावं लागलं. सात. पाठोपाठ आमची डिफेंडर धडकून पडली आणि उठेना. रेफरीने शिट्टी वाजवून माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली घेऊन आत गेले.

"खेळू नकोस," मी तिला म्हटलं. "नुसती उभी राहा."

ती लंगडत उभी राहिली. आम्ही चेंडू मिळेल तसा लांब मारत राहिलो. तिसरा गोल झाला तेव्हाही माझं लक्ष गेटकडे होतं.

टेम्पो आला. चौघी पोत्यांवरून उतरल्या, केसांत भुसकट तसंच. जीपमधून आणलेले बूट आणि शिनगार्ड घातले. चेंडू लाइनबाहेर गेला आणि रेफरीने त्यांना आत घेतलं. पल्लवीने एक गोल फेडला. आम्ही एकाविरुद्ध तीन गोलांनी हरलो.

प्राचार्यांना फोन केला. हरलो, म्हटलं.

"शेवटी मैदानात किती जणी होत्या?"

"अकरा, सर."

"मग जर्सी धुवून ठेवा. पुढच्या वर्षी लागतील."

आता सामन्याची तारीख कळली की मी पहिला फोन कमलबाईंना करते, सावड त्या दिवशी कोणाच्या शेतात आहे ते विचारायला. जीपवाल्याला नंतर.