दोन ड्रायव्हर, चौदा काठ्या

कारध्याच्या लिलाधर शेंडेचा आठवडा वाईट गेला. जेवण गोड लागेना, गावात कुणी हाक मारली तर ऐकू येईना. कारण सांगितलं असतं तर गाव पोट धरून हसलं असतं, म्हणून त्यानं ते बायकोपलीकडे कुणाला सांगितलंही नाही. गोल्फच्या बॅगेत दोन ड्रायव्हर न्यायचे की एकच, एवढ्यावर हा बेचाळीस वर्षांचा गडी वाळत चालला होता.

मासेमाराच्या पोराचा आणि गोल्फचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध पोटाचा. वरठीच्या रस्त्यावर एका कारखान्याची कॉलनी आहे आणि कॉलनीला नऊ होलचं मैदान आहे. तिथं लिलाधर बावीस वर्षं साहेब लोकांच्या बॅगा खांद्यावर वाहत होता. कॅडी म्हणतात त्या कामाला. सोमवारी मैदान बंद असे, आणि त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा. सोमवार सोमवार करत लिलाधर इतकं शिकला की साहेब लोक फटका मारण्याआधी हळूच त्याच्याकडे बघत. तो डोळ्यांनीच सांगे. साहेबाचा चेंडू बरोबर पडला की टाळ्या साहेबाला. जगाची रीतच आहे ती, तिच्याबद्दल लिलाधरची तक्रार नव्हती.

पण या जानेवारीत क्लबच्या उर्वशी मॅडमनी नोटीस लावली. येत्या सोमवारच्या कॅडींच्या स्पर्धेत जो पहिला येईल, त्याला कॉलनीतल्या मुलांचा कोच म्हणून कायम नेमायचं. लिलाधरचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरत होता. बॅगा वाहणं आणखी किती दिवस जमेल, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. आणि जागा एकच, ती एकदा कैलाशनं घेतली की पुन्हा मिळणार नाही, हेही. कैलाशही कॅडीच, अठ्ठावीसचा, बैलासारखा मजबूत. म्हणजे कोच व्हायचं तर याच सोमवारी, नाहीतर मग कधीच नाही.

आता ड्रायव्हरचं. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब दांड्याची, पुढं मोठं डोकं असलेली स्टिक. लांबचा पहिला फटका तिनं मारतात. लिलाधरकडे दोन होते. एक काळा. बदली होऊन गेलेल्या एका साहेबानं जाताना दिलेला. चेंडू फार लांब नेत नसे, पण सांगाल तिथंच नेई. दुसरा निळा. नागपूरहून जुन्या बाजारातून आणलेला, हलका, तेज. लागला तर कुठच्या कुठे, आणि बिघडला तर चेंडू शोधायला वरठी स्टेशनावर जावं लागेल अशी त्याची चाल.

मैदानाचं आठवं होल अरुंद होतं. डावीकडे सागाची झाडं, उजवीकडे कॉलनीची भिंत. तिथं काळाच हवा. आणि शेवटच्या नवव्या होलपुढं आडवी बोडी होती, कॉलनीच्याही आधी कुणीतरी धानाला पाणी द्यायला बांधलेलं छोटं तळं. ती एका फटक्यात ओलांडायची ताकद फक्त निळ्यात. मग दोन्ही न्यावेत तर नियम आडवा येतो. बॅगेत चौदाच स्टिका चालतात, पंधरावी सापडली की दंड. एक ड्रायव्हर जास्त घेतला की दुसरी एखादी कामाची स्टिक घरी ठेवावी लागणार. ऐन वेळी नेमकी तीच लागली तर?

सोमवारी सकाळी अंगणात हेच चाललं होतं. निळा आत, पाच नंबरची स्टिक बाहेर. पाच नंबर आत, काळा बाहेर. बायको रंजू चुलीपाशी बसून बघत होती.

"अजी, मले पाहाले आलते तवा एका कप चहात हाव म्हणलं होतं," ती म्हणाली. "अना या काठीसाठी आठ दिस?"

लिलाधर हसला नाही. ओट्यावर त्याचा बाप मनिराम तयार होऊन बसला होता. धुतलेलं धोतर, डोक्याला पंचा. झालं होतं असं की कॅडींच्या स्पर्धेत सगळे कॅडी खेळणार, मग त्यांच्या बॅगा कोण उचलणार? ज्यानं त्यानं घरचा माणूस आणायचा ठरलं. कैलाशनं साळ्याला आणलं. लिलाधरला भाऊ नव्हता, म्हणून बाप. सत्तरीचा म्हातारा, पण जन्म वैनगंगेत जाळं ओढण्यात गेलेला. आदल्या दिवशी त्यानं बॅग उचलून पाहिली आणि म्हणाला होता, "हे तं ओल्या जाळ्याहून हलकी आहे गा."

आता त्यानं पोराची घालमेल पाहिली. "एका डोंग्यात दोन जाळे नेले का माणूस पाण्याकडं पाहात नाही, जाळ्याकडंच पाह्यते," तो म्हणाला.

"बाबा, दोन जागा आहेत, दोन येगयेगळ्या."

"मंग ने. पण एकदा नेलं का घोकत नोको बसू."

लिलाधरनं मनाचा हिय्या केला. दोन्ही ड्रायव्हर आत घातले, पाच नंबर भिंतीला टेकवून ठेवली आणि गाडी काढायला गेला. जाता जाता म्हणाला, "बाबा, चौदा पाह्यजे. मोजून पाहा बरं एकदा."

मनिरामनं मोजल्या. "झाल्या चौदा," तो म्हणाला. मग बॅग मांडीवर आडवी घेऊन तो मागं बसला, आणि दोघं धुक्यातून पूल ओलांडून निघाले.

पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथं, बावीस वर्षं साहेबांच्या बॅगा मोजून देणाऱ्या या शहाण्यानं स्वतःची बॅग मोजली नाही. बापानं मोजली होती ना. त्या हातांनी मोजलेल्या मासळीवर कारध्याच्या बाजारात कुणी कधी शंका घेतली नव्हती.

खेळ मात्र असा लागला की विचारू नका. आठवडाभर डळमळणारे हात टीवर उभे राहताच शांत झाले. लिलाधर आणि कैलाश एकाच जोडीत होते आणि एकमेकांचे फटके लिहीत होते. गोल्फात ज्याचे फटके कमी तो पुढं, आणि सहा होल झाले तेव्हा लिलाधर दोन फटक्यांनी पुढं होता. मनिरामला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कैलाशच्या साळ्याचा चेहरा पडलेला त्याला दिसत होता. तेवढ्यावर म्हातारा खूश होता.

सहाव्या होलवरून सातव्याकडे जाताना लिलाधरनं हातातली स्टिक बॅगेत सरकवली आणि त्याचा हात तिथंच थांबला. आत पाच नंबरची स्टिक होती.

त्यानं डोळ्यांनी मोजल्या. मग बोटांनी मोजल्या. पंधरा.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "हे पाच नंबर कोनं टाकली?"

"मीच. तेराच भरल्या होत्या. एक कमी होती म्हणून भिंतीपाशी होती थे टाकली."

लिलाधरला क्षणात उमगलं. शेंड्यांच्या घरची रीत होती. जाळ्यातला पहिला मासा वैनगंगेचा. तो पाण्यात सोडायचा आणि मोजणीत धरायचा नाही, दुसऱ्यापासून एक. साठ वर्षं मासे असेच मोजून म्हाताऱ्याला सगळंच तसं मोजायची सवय लागली होती. कौलं, नारळ, लग्नाच्या पत्रिका. डझनभर अंडी आणायला सांगितली की घरी तेरा यायची, आणि रंजू पदर तोंडाला लावून हसायची. लिलाधरला हे लहानपणापासून माहीत होतं. माहीत असून तो आज विसरला होता, कारण त्याचं सगळं डोकं दोन ड्रायव्हरांनी खाल्लं होतं.

दंड त्याला तोंडपाठ होता. खेळलेल्या एका होलला दोन फटके वाढतात, एकूण जास्तीत जास्त चार. दोननं पुढं असलेला माणूस दोननं मागं जाणार. आणि कळल्यावर न सांगता आणखी एक जरी फटका मारला, तर स्पर्धेतूनच बाद. अर्थात कुणाला कळलं तर.

कळणार कसं? सातव्या टीवर आधी कैलाश मारणार होता. तो पाठमोरा उभा, त्याचा साळा चेंडू कुठं जातो ते बघायला कपाळावर हात धरून. बाजूला रुईची झुडपं माणसाच्या कमरेएवढी. हात लांब करून एक स्टिक तिथं सोडली, की संपलं. पाच नंबरला त्यानं सकाळपासून शिवलंसुद्धा नव्हतं. तिच्यानं एक इंचाचा फायदा झाला नव्हता. मग चोरी कसली? लिलाधरनं स्टिक अर्धी बाहेर काढली. घाम कानामागून मानेवर उतरत होता आणि गुडघा नेमका आत्ताच ठणकत होता. बावीस वर्षं दुसऱ्यांची ओझी वाहिली, एक दिवस देवानं डोळे मिटले तर काय बिघडतं?

पण सांगितलं तर आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्याला दंडापेक्षा जड वाटत होती. सांगितलं की बापाला कळणार, आपल्या मोजणीनं पोराचं वाटोळं झालं. त्या म्हाताऱ्याकडे अभिमान धरावा असं दुसरं होतं तरी काय?

कैलाशचा फटका सुटला. चांगला होता. तो बाजूला सरला आणि म्हणाला, "चाल गा लिलाधर, मार."

लिलाधरनं स्टिक पूर्ण बाहेर काढली. झुडपाकडे पाहिलं. मग ती हात वर करून डोक्यावर धरली आणि पलीकडे उभ्या असलेल्या उर्वशी मॅडमना मोठ्यानं हाक मारली.

मॅडम धावतच आल्या. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "लिलाधर, तुम्ही? तुम्ही तर इथल्या सगळ्यांना नियम शिकवता." मग त्यांनी कार्डावर चार फटके वाढवले आणि ती स्टिक खेळातून बाद केली. कैलाशनं मान दुसरीकडे फिरवली. त्याला आनंद झाला होता, आणि आनंद झाल्याची लाजही वाटत होती.

"काय झालं गा?" मनिरामनं विचारलं.

"काई नाही बाबा. चाला."

सातव्यावर दोघांचे फटके सारखे. आठव्यावर लिलाधरनं काळा मागितला, आणि काळ्यानं चेंडू भिंत आणि सागांच्या मधोमध सुतासारखा नेला. कैलाशचा चेंडू सागाच्या बुंध्यावर आपटून मागं आला. आता फरक एकाचा.

नववं. समोर बोडी, आणि वैनगंगेकडून तोंडावर येणारा वारा. कैलाशनं शहाणपणा केला, पाण्याच्या अलीकडेच थांबेल असा छोटा फटका मारला. लिलाधरनं निळा घेतला. तो बिघडला तर चेंडू तळ्यात आणि सगळं तळ्यात. त्यानं श्वास सोडला आणि मारला. चेंडू वाऱ्यात चढला, पाण्यावर क्षणभर अडल्यासारखा झाला आणि पलीकडच्या बांधापुढं दोन हातांवर पडला. सगळे ओरडले. दुसऱ्या फटक्यात तो होलपासून चार हातांवर. कैलाशचे चार फटके झाले होते. लिलाधरचा हा तिसरा होलमध्ये गेला तर बरोबरी.

चेंडू होलच्या काठावरून फिरला आणि वीतभर पुढं जाऊन थांबला.

ज्यांच्यापायी आठवडाभर जीव टांगला होता, त्या दोन्ही ड्रायव्हरांनी आपलं काम चोख केलं होतं. एका फटक्यानं लिलाधर हरला. कोच कैलाश झाला.

चहाच्या मंडपात कैलाशच्या साळ्यानं मनिरामला सगळं फोड करून सांगितलं. वाईट हेतूनं नव्हे, बोलायची खोड म्हणून. बक्षीस द्यायला मॅडम उभ्या राहिल्या, तेवढ्यात म्हातारा उठला आणि टेबलापाशी गेला.

"मॅडम, थे चार माह्या नावानं लिहा. त्याचे खोडून टाका. मोजल्या मी होत्या."

मंडपात हशा पिकला. साहेब हसले, कॅडी हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "काका, तसं नसतं," त्या म्हणाल्या. "बॅग ज्याची, जबाबदारी त्याची."

"पण चूक माही हाये नं."

पुन्हा हशा. बावीस वर्षांत त्या मैदानावर लिलाधरचा आवाज कधी चढला नव्हता. तो आज चढला.

"हसू नोका!" तो ओरडला. "बाबानं बरोबर मोजलं. आमच्या घरी तसंच मोजतेत. इथं कसं मोजतेत थे मी त्याईले सांगतलं नाही. माहा बाप हाये थो. हसू नोका."

मनिराम पोराकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता.

"सर्वाईसाठी सांगतलंस थे ऐकलो मी. आता मले सांग. तुही नोकरी माह्यापायी गेली का नाही?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. रुईच्या झुडपात स्टिक टाकण्याइतकंच सोपं. लिलाधरनं बापाचा हात धरला. त्यालाही रडू आवरत नव्हतं.

"हाव बाबा," तो म्हणाला. "तुमच्यापायीच गेली."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि हात सोडवून घेतला नाही.